बोलणं वेगळं, पैसा वेगळा, घर वेगळं

नाशिकच्या वर्तमानपत्रात जमिनीच्या व्यवहारांच्या आणि गहाळ कागदपत्रांच्या जाहीर नोटिशी छापून येतात. त्यांत मधूनच एखादी नोटीस अशी असते की पान लगेच उलटता येत नाही. मुलगा आमच्या ऐकण्यात नाही, त्याच्याशी आमचा संबंध राहिलेला नाही, कोणी त्याच्याशी आर्थिक व्यवहार केल्यास आम्ही जबाबदार राहणार नाही. खाली आईवडिलांची नावं, पत्ता सिडकोतला, नाशिकरोडचा किंवा पंचवटीतला, आणि वकिलांची सही.

अशी नोटीस देणारे आईवडील कठोर नसतात, बहुतेकदा ते थकलेले असतात. वसुलीवाले दारात येऊन गेलेले असतात, शेजाऱ्यांनी गॅलरीतून ऐकलेलं असतं, आणि निदान एवढ्याने तरी सुटका होईल असं त्यांना वाटतं. कायद्याने पाहिलं तर त्या नोटिशीने फारसं काही होत नाही. १८ वर्षांवरच्या मुलाने स्वतःच्या नावावर काढलेलं कर्ज आईवडिलांवर मुळातच येत नाही. ते जामीनदार किंवा सहकर्जदार असतील तरच येतं, आणि तसे असतील तर नोटीस छापून ते सुटत नाहीत. वडिलोपार्जित मिळकतीतला मुलाचा हक्क नोटिशीने जात नाही. स्वकष्टार्जित मिळकत कोणाला द्यायची हे मृत्युपत्राने ठरतं, त्याला नोटीस लागत नाही. नोटिशीने खात्रीने होतं ते एकच: कोणीतरी मित्र तिचा फोटो त्या मुलाला पाठवतो, आणि तो फोटो त्याच्या फोनमध्ये वर्षानुवर्षं राहतो.

पोटचं मोठं झालेलं मूल बिनसतं, दूर जातं, तेव्हा आईवडिलांसमोर खरं तर तीन वेगवेगळे प्रश्न असतात. त्याच्याशी बोलायचं का? त्याला पैसे द्यायचे का? त्याला घरात घ्यायचं का? आपल्याकडे या तिन्हींची एकच मोट बांधली जाते. 'सुधारलास तर घरी ये, नाहीतर फोनही करू नकोस,' या एका वाक्यात तिन्ही निकाल लागतात. मुलाच्या बाजूनेही तेच होतं: पैसे मिळतात तोवर फोन येतात, नकार मिळाला की नंबर ब्लॉक. हे तीन निर्णय सोडवून वेगळे करावेत. बोलण्याला अट नसावी, पैशाला हिशेब असावा आणि घराला आधी ठरलेल्या अटी असाव्यात. या विषयात याहून कामाची दुसरी गोष्ट मला माहीत नाही. पुढे आहे तो तिचाच तपशील.

त्याआधी, मूल कशामुळे दूर गेलं याकडे सरळ पाहायला हवं. बाहेरून सगळं सारखंच दिसतं. फोन उचलत नाही, सणाला येत नाही, आला तर भांडून जातो. पण आतली कारणं फार वेगळी असतात. कुठे स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलरसारखा आजार असतो, कुठे दारू, गांजा किंवा मोबाइलवरचा जुगार. आणि पुष्कळ घरांत यातलं काहीही नसतं. जातीबाहेरचं लग्न केलं म्हणून दार बंद झालेलं असतं, लहानपणी पट्ट्याने मार बसलेला असतो, लेकीला तिचं म्हणणं कधी कोणी विचारलेलंच नसतं. अशा घरांतल्या आईवडिलांना मूल आजारी आहे असं मानणं सोपं जातं, कारण मग प्रश्न डॉक्टरांचा होतो. घर सोडणं हा आजार नाही. सज्ञान मूल शुद्धीत, विचार करून दूर गेलं असेल तर त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे ओढून नेण्याने अंतर वाढतं.

हेच 'मिसिंग'च्या बाबतीत. मूल निघून गेलं की लोक पोलीस ठाण्यात हरवल्याची नोंद करतात. जिवाला धोका वाटत असेल, मागे चिठ्ठी असेल, औषधं चालू असतील तर ती तासाभरात करावी, एक दिवस थांबण्याचा कोणताही नियम नाही. पण पोलिसांनी शोधून काढलेली सज्ञान व्यक्ती 'मी स्वखुशीने गेले, घरी परतायचं नाही' असा जबाब देऊ शकते. मग पोलीस तिला जबरदस्तीने घरी आणून देत नाहीत. ती सुखरूप आहे एवढं कळलं तर त्या दिवशी तेवढं घेऊन घरी यावं. ठाण्याच्या आवारात झालेलं भांडण पुढे फार महागात पडतं.

आता बोलण्याविषयी.

दुरावलेल्या मुलाला पाठवायचा निरोप लहान हवा, ठरलेल्या अंतराने जायला हवा आणि त्यात मागणी नको. दोन आठवड्यांनी किंवा महिन्याने एकदा, दोन-तीन ओळी. 'आज पहिल्यांदा पाऊस झाला. गच्चीवरच्या मोगऱ्याला कळ्या आल्यात. तू बरा असशील अशी आशा आहे.' किंवा 'दिवाळीचा फराळ झाला. चकल्या करताना तुझी आठवण आली. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.' हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं. उत्तराचं ओझं काढून घेतलं की निरोप वाचला जातो. यात 'कधी येणार', 'आम्ही म्हातारे झालो', 'बाबांचं बीपी तुझ्यामुळे वाढलं' असं काही नको. त्या ओळी खऱ्या असल्या तरी त्या मागण्याच आहेत.

बिघडतं ते बहुधा रात्री. अकरा वाजता झोप येत नाही, एक मेसेज जातो, दोन निळ्या खुणा दिसतात, उत्तर येत नाही, मग दुसरा, तिसरा, शेवटी रडून पाठवलेला व्हॉइस मेसेज. सकाळी नंबर ब्लॉक झालेला असतो. म्हणून दिवस आणि वेळ ठरवून ठेवावी, रविवारी सकाळी दहा वगैरे, आणि रात्री फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावावा. आईवडिलांचे उपकार सांगणारे, वृद्धाश्रमाच्या गोष्टींचे फॉरवर्ड मुळीच पाठवू नयेत. ते कुणा अनोळखी माणसाचे शब्द असतात आणि मुलाला त्यात फक्त टोमणा ऐकू येतो. ब्लॉक केल्यावर मावशीच्या फोनवरून, ऑफिसच्या नंबरवरून, नवं सिम घेऊन गाठणं म्हणजे त्याने ओढलेली रेघ पुसणं. पत्ता माहीत असेल आणि त्याने पत्र लिहू नका असं म्हटलेलं नसेल, तर आंतरदेशीय पत्र पाठवावं. पोस्टकार्ड नको, खोलीत बरोबर राहणारी मुलंही ते वाचतात.

कुठे आईवडिलांचं चुकलेलं असेल तर एक माफीचं पत्र लिहिणं हे सगळ्यात कठीण आणि सगळ्यात उपयोगी काम आहे. ते एका पानाचं असावं. 'काही चुकलं असेल तर माफ कर' हे पत्र नव्हे, त्यात चूक कुठली ते कळतच नाही. घडलेली गोष्ट नाव घेऊन लिहावी: बारावीच्या निकालानंतर मी आठवडाभर तुझ्याशी बोललो नाही, पाहुण्यांसमोर तुझी तुलना चुलतभावाशी केली, तुझ्या लग्नाला आम्ही आलो नाही. त्याचा तिला किंवा त्याला काय त्रास झाला असेल ते आपल्या शब्दांत लिहावं. मग थांबावं. 'पण तेव्हा घरची परिस्थिती' असं सुरू झालं की माफी संपते आणि बचाव सुरू होतो. लिहून झाल्यावर पत्र चार दिवस कपाटात ठेवावं, पुन्हा वाचावं, आणि स्वतःची बाजू मांडणारं प्रत्येक वाक्य खोडावं. ती बाजू खोटी आहे म्हणून नाही, तिची जागा त्या पत्रात नाही म्हणून.

मध्यस्थ लागलाच तर एकच असावा, आणि तो मुलाने निवडलेला असावा. मामेबहीण असेल, शाळेतला मित्र असेल. मामा, आत्या, सोसायटीचे चेअरमन आणि गावाकडचे भाऊ असे सगळे मिळून समजूत घालायला निघाले की ती पंचायत होते. मध्यस्थाकडून खबर काढू नये. 'कसा आहे' एवढं विचारावं, 'कोणाबरोबर राहतो, किती पगार' विचारू नये. ज्या दिवशी मुलाला कळतं की आपलं बोलणं घरी पोचतं, त्या दिवशी तो शेवटचा दुवाही तुटतो.

पैशाकडे वळू. इथे प्रेमळ माणसं सर्वांत जास्त फसतात.

नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून किंवा ओझरच्या एचएएलच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेल्या माणसाच्या हातात एकदम ग्रॅच्युइटी आणि फंड येतो, आणि घरात कर्जबाजारी मुलगा असेल तर तो पैसा कुठे जाणार हे दोघांनाही ठाऊक असतं. कर्ज फेडून द्यायचं ठरलंच, तर आधी सगळं कर्ज कागदावर यायला हवं. जुगार आणि दारूच्या कर्जात मुलगा सांगतो तो आकडा कधीच पूर्ण नसतो, लाजेपोटी निम्मं लपवलेलं असतं. सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा स्वतःचा संपूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो मुलाने स्वतः काढावा आणि समोर ठेवावा. त्यात बँका, फायनान्स कंपन्या आणि नोंदणीकृत कर्ज-ॲप दिसतात. मित्रांचे हातउसने आणि खासगी सावकार दिसत नाहीत, ते वेगळे लिहून घ्यावेत. रक्कम मुलाच्या खात्यात न टाकता थेट कर्ज देणाऱ्याला भरावी, पावती घ्यावी, आणि खातं बंद झाल्याचं पत्र हातात येईपर्यंत काम पुरं झालं असं मानू नये. हे एकदाच करायचं, आणि एकदाच करणार हे आधी सांगायचं. दुसऱ्यांदा फेडलेलं कर्ज मुलाचं राहत नाही, ते आईवडिलांचं होतं.

वसुलीवाल्यांच्या फोनना घाबरून पैसे भरू नयेत. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे की थकबाकीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, आणि कर्जदाराच्या नातेवाइकांना, मित्रांना त्रास देता येत नाही. फोन आला तर 'मी जामीनदार नाही, पुन्हा फोन केल्यास तक्रार करीन' एवढंच बोलावं आणि नंबर, वेळ लिहून ठेवावी. फोटो विकृत करून पाठवण्याची धमकी असेल तर १९३० या सायबर क्रमांकावर कळवावं. परवाना नसलेल्या सावकाराची तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे होते. महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी कायदा त्यासाठीच आहे.

काही गोष्टी शांतपणे, भांडण न करता बदलून टाकाव्यात. यूपीआयचा पिन. सही करून ठेवलेले कोरे चेक. मुलगा चालवतो ती मोटारसायकल वडिलांच्या नावावर असेल तर तिने झालेल्या अपघाताच्या भरपाईचा दावा मालकावरही येतो, म्हणून गाडी त्याच्या नावावर करावी किंवा विकावी. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते दूरसंचार विभागाच्या संचार साथी या संकेतस्थळावर दिसतं, ते पाहावं. दागिने लॉकरमध्ये. घरातलं सोनं नाहीसं झाल्यावर आई मुलाला चोर म्हणते, आणि तो शब्द परत घेता येत नाही. त्याच्या हाताशी सोनं न ठेवणं हे त्याच्यावरही उपकार आहेत.

मग द्यायचंच नाही का? द्यावं, पण रोख नको. मेसचे पैसे मेसवाल्याला, खोलीचं भाडं घरमालकाला, गोळ्यांचं बिल मेडिकलवाल्याला. आणि नवरा-बायकोचं यावर एकमत हवं. बहुतेक घरांत बाबा 'एक छदाम देणार नाही' म्हणतात आणि आई भाजीच्या पैशांतून गुपचूप पाचशे देते. मुलाला दोघंही कळतात: बाबा शत्रू, आई एटीएम. याचा दोष आईला देण्यात अर्थ नाही, तिला भीती असते की लेकरू उपाशी झोपेल. त्यापेक्षा महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दोघांनी बसून एक आकडा ठरवावा, अगदी शून्यसुद्धा चालेल, आणि महिनाभर तो दोघांनीही पाळावा.

सर्वांत अवघड क्षण येतो तो 'पैसे दे, नाहीतर जिवाचं बरंवाईट करून घेईन' या वाक्याचा. याला नाटक म्हणून सोडू नये आणि घाबरून पैसेही देऊ नयेत. इथेच दोन गोष्टी वेगळ्या करण्याची खरी परीक्षा असते. धमकी खरी मानावी, मागणी नाही. उत्तर असं असावं: 'पैसे मी देणार नाही. पण तुला एकटंही सोडणार नाही. आत्ता माझ्याबरोबर डॉक्टरकडे चल.' जीव द्यावासा वाटतो का, काही ठरवलं आहे का, हे थेट विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलण्याला वाट मिळते. त्याला एकटं ठेवू नये, घरातल्या गोळ्यांचे साठे उचलावेत. निफाड-दिंडोरीकडच्या बागायती घरांत तर द्राक्षावर मारायची औषधं पडवीत उघडी पडलेली असतात. घरात असं माणूस असेल तर ती कुलपात ठेवावीत, किल्ली दुसऱ्याकडे द्यावी, शक्य असेल तर घरापासून लांब हलवावीत. त्या एका कुलपाने जीव वाचतात, कारण तो क्षण बहुधा टळणारा असतो आणि हाताशी काय सापडतं यावर पुष्कळ काही ठरतं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, फुकट आहे आणि मराठीतून बोलता येतं. काही घडलंच तर १०८ ची रुग्णवाहिका. पोलीस केस होईल या भीतीने दवाखान्याला उशीर करू नये: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ नुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं आणि त्याच्यावर खटला भरला जात नाही.

आजाराचा संशय असेल तर पहिली भेट आईवडिलांनीच घ्यावी. मुलगा यायला तयार नसतो म्हणून दोन-दोन वर्षं जातात, आणि आपण एकटे जाऊन सल्ला घेऊ शकतो हे कोणी सांगितलेलं नसतं. जाताना एक पान लिहून न्यावं: झोप कधीपासून उलटी झाली, अंघोळ कधीपासून बंद, एकट्याने बोलणं, जेवणात काही मिसळलंय असा संशय, मारहाण झाली असल्यास तारीख, नात्यात कुणाला असा आजार होता का. दहा मिनिटांच्या ओपीडीत हे पान तासाभराच्या बोलण्याचं काम करतं. नाशिकमध्ये जिल्हा रुग्णालयात म्हणजे सिव्हिलमध्ये दाखवता येतं, खासगी डॉक्टरही आहेत. राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं मात्र ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत.

वरणात गोळ्या मिसळण्याचा सल्ला नातेवाईक हमखास देतात. ज्याला आधीच वाटतंय की आई विष घालते, त्याला एक दिवस ताटात चुरा दिसतो आणि त्याचा संशय खरा ठरतो. मग तो आईच्या हातचं जेवत नाही, औषधही घेत नाही. तसंच रात्री गाडी आणून चार माणसांकरवी उचलून नेणाऱ्या केंद्रांचं. माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल, किंवा स्वतःची काळजी घेण्याच्या पलीकडे गेला असेल, तर त्याच्या इच्छेविरुद्ध दाखल करण्याची रीतसर वाट त्याच मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ८९ मध्ये आहे. नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे उपचाराच्या निर्णयांत रुग्णाच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या माणसाचा, अर्ज लागतो, दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासावं लागतं, त्यांतला एक मानसोपचारतज्ज्ञ, आणि मुदत ३० दिवसांपर्यंत. कोणत्याही केंद्रात आधी नोंदणीचं प्रमाणपत्र मागावं, डॉक्टर कोणत्या दिवशी येतात ते विचारावं, आतल्या खोल्या पाहाव्यात, घरच्यांना भेटू देतात का ते पाहावं. 'तीन महिने भेटायचं नाही' असं म्हणणाऱ्या जागेवरून परत फिरावं. रोज पिणाऱ्याची दारू घरात कोंडून एकदम बंद करणं हेही धोक्याचं आहे. दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकतात, भास होऊन भान जाऊ शकतं. ते दवाखान्याचं काम आहे.

घरच्यांच्या वागण्याने काय फरक पडतो हे इंग्लंडमध्ये फार बारकाईने पाहिलं गेलं. १९५० च्या दशकात जॉर्ज ब्राउन या समाजशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की स्किझोफ्रेनियाचे काही रुग्ण घरी परतल्यावर लवकर बिघडतात. पुढे १९७६ मध्ये व्हॉन आणि लेफ यांनी दाखवलं की ज्या घरांत सतत टीका, राग किंवा जिवापाड गुंतणं होतं, तिथले निम्मे रुग्ण नऊ महिन्यांत पुन्हा आजारी पडले. शांत घरांत हे प्रमाण १३ टक्के होतं. समोरासमोर आठवड्याला ३५ तासांहून जास्त काळ जात असेल तर धोका आणखी वाढत होता. यातलं 'जिवापाड गुंतणं' हे मराठी आईला पटत नाही. पण त्याने जेवण टाकलं की आपणही टाकणं, तो झोपेपर्यंत जागणं, दिवसातून वीसदा 'गोळी घेतली का' विचारणं, हेही त्याला टीकेइतकंच जड जातं. म्हणून आईने रोज दोन तास घराबाहेर काढावेत, भजनी मंडळ असो, सोमेश्वरपर्यंतचं फिरणं असो. मुलानेही दिवसाचा काही वेळ बाहेर घालवावा, कामावर किंवा वर्गात. चंदीगडला झालेल्या अभ्यासात भारतीय घरांत टीकेचं आणि अति गुंतण्याचं वातावरण लंडनपेक्षा कमी आढळलं होतं, तेव्हा आपल्या घरांकडे मुळात चांगलं भांडवल आहे.

व्यसनात गयावया आणि धमक्या दोन्ही कमी पडतात. न्यू मेक्सिको विद्यापीठात रॉबर्ट मेयर्स यांनी घरच्यांना शिकवायची एक पद्धत बसवली. शुद्धीत असताना जवळ बसायचं, जेवण वाढायचं, बोलायचं. प्यायलेला असताना वाद न घालता तिथून उठायचं. त्याच्या पिण्याचे परिणाम आपण पुसायचे नाहीत, म्हणजे कामावर खोटा निरोप द्यायचा नाही, ओकलेलं रात्रीतून धुऊन ठेवायचं नाही. आणि तो स्वतःहून 'कंटाळा आला याचा' म्हणेल त्या दिवसासाठी डॉक्टरांचा नंबर आणि वेळ तयार ठेवायची. १९९९ च्या अभ्यासात अशा घरांतल्या सुमारे दोन-तृतीयांश व्यसनी माणसांनी उपचार सुरू केले. एकदम सगळ्यांनी घेरून जाब विचारण्याच्या पद्धतीत ते प्रमाण ३० टक्के होतं. सल्ल्यासाठी १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे.

नाशिकमध्ये त्र्यंबक इतकं जवळ असताना नारायण नागबळीचा विषय निघाल्याशिवाय राहत नाही. तीन दिवसांचा विधी करून आईवडिलांच्या मनाला उभारी येत असेल तर करावा, गडावर जाऊन सप्तशृंगीला साकडं घालावं. मी त्याला विरोध करणार नाही. एवढंच, त्यासाठी कर्ज काढू नये, औषधं बंद करू नयेत, आणि मुलाला 'तुझ्या दोषासाठी हे केलं' असं सांगू नये.

घराचा निर्णय शेवटी. मुलगा परत यायचं म्हणतो तेव्हा आनंदाच्या भरात लगेच हो म्हणू नये. आधी बाहेर भेटून अटी ठरवाव्यात आणि कागदावर लिहाव्यात. चार-पाच पुरेत, आणि त्याही मोडल्यावर आपण खरोखर काही करू शकू अशाच. 'दारू सोड' ही अट आपल्या हातात नाही. 'पिऊन आलास तर त्या रात्री दार उघडणार नाही' ही आपल्या हातातली आहे, पण ती अंमलात आणायची ताकद आपल्यात आहे का हे आधी तपासावं. मुदत तीन महिन्यांची, मग पुन्हा बसायचं. घरखर्चात काही वाटा, दोन हजार का होईना. हात उचलला तर आम्ही घराबाहेर पडून ११२ ला फोन करू, हे आधी सांगून ठेवावं, शेजारी एकाकडे जादा किल्ली द्यावी. धाकट्या भावंडाला राखणदार करू नये. घरातलं गुणी मूल या सगळ्यात न बोलता फार सोसतं.

स्वकष्टार्जित घरात सज्ञान मुलाला राहू देणं ही आईवडिलांची मर्जी आहे, त्याचा तो कायदेशीर हक्क नव्हे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये हे स्पष्ट सांगितलं. सून असेल तर मात्र तिचा सामाईक घरात राहण्याचा हक्कही न्यायालय पाहतं. त्रास थांबत नसेल तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यांच्या म्हणजे प्रांतांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. आधी तडजोडीचा प्रयत्न होतो, दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन अर्जाची माहिती देते.

बक्षीसपत्राच्या बाबतीत फार सावध राहावं. राहतं घर मुलाला बक्षीस द्यायला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये आहे, म्हणून 'नंतरचे त्रास नकोत' म्हणत लोक जिवंतपणीच घर नावावर करून देतात. दिलेलं परत घ्यायला ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ आहे, पण त्यासाठी 'आमचा सांभाळ करशील' ही अट असावी लागते, आणि ती दस्तातच लिहिलेली नसेल तर सिद्ध करायला झगडावं लागतं. मृत्युपत्र मात्र हवं तेव्हा बदलता येतं. दोन साक्षीदार पुरतात, मुद्रांक लागत नाही. दुरावलेल्या मुलाला वगळायचं असेल तर त्याचं नाव घेऊन, शिवी न देता, तसं लिहावं. त्याला काही ठेवायचं असेल तर तेही लिहावं. रागाच्या महिन्यात मृत्युपत्र करू नये.

गोदाघाटावर रोज कुणाचा ना कुणाचा दशक्रिया विधी चाललेला असतो, आणि जाता-येता ते पाहणाऱ्या नाशिककर आईबापांच्या मनात 'आपलं कोण करणार' हे येतंच. यासाठी मुलाला भावनेच्या कात्रीत धरू नये. लेक करू शकते, पुतण्या करू शकतो, कुणीही करू शकतं. काय हवं ते एका कागदावर लिहून विश्वासातल्या माणसाकडे द्यावं. दवाखान्याच्या अर्जावर जवळचा नातेवाईक म्हणून लागलीच धावून येऊ शकेल अशा माणसाचा नंबर द्यावा. लग्नकार्यात 'मुलगा कुठे असतो' असं विचारणाऱ्यांसाठी एक वाक्य तयार ठेवावं: 'बाहेर असतो, सध्या आमचं बोलणं कमी आहे.' पुढे विचारलं तर तेच वाक्य पुन्हा.

आणि कधीतरी उत्तर येतं. 'ठीक आहे मी.' एवढंच. त्यावर दहा प्रश्न पाठवू नयेत. 'वाचून बरं वाटलं,' बस. भेटायचं ठरलं तर जागा त्याला निवडू द्यावी, कॉलेज रोडवरचं एखादं हॉटेल ठीक. घर नको, नातेवाइकांचं घर तर नकोच. एक तास, आधी ठरवलेला. दोघांपैकी ज्याच्याशी त्याचं कमी वाजलं असेल त्याने एकट्याने जावं. डबा न्यावा, पण आग्रह करू नये. तब्येत उतरली, केस वाढले, असं काही बोलू नये. तो जुनं काही काढेल आणि त्यातलं बरंचसं आपल्या आठवणीशी जुळणार नाही. तिथे खरं-खोटं करत बसू नये, 'तुला असं वाटलं हे मला माहीत नव्हतं, अजून सांग' एवढं म्हणावं. बिल कोण देतं यावरून ओढाताण करू नये, तो देत असेल तर देऊ द्यावं. तास झाला की उठावं, गप्पा रंगल्या असल्या तरी. पुढची भेट कधी हे तिथे विचारू नये, आठवड्याभराने नेहमीच्या वेळी दोन ओळींत विचारावं.